आधी ऊब, मग दूध : आईविना राहिलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना बाटलीने कसं पाजावं

दिवाळी आटोपली की पुण्यात आमच्या भागात पिल्लांचे फोन सुरू होतात. बांधकामाच्या वाळूमागे सापडली, बंद दुकानाच्या पायरीखाली सापडली, पार्किंगमधल्या जुन्या स्कूटरच्या आडोशाला सापडली. रस्त्यावरच्या कुत्र्या बहुतेक थंडीच्या तोंडावर वितात. आई गाडीखाली गेली की मागे डोळे मिटलेली चार-सहा पिल्लं उरतात, आणि रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर आलेला असतो.

माझ्या हाती आलेलं पहिलं पिल्लू मी एका रात्रीत गमावलं. ते हाताला गार लागत होतं, पण मला ऐकू येत होतं ते फक्त त्याचं कुईकुई करणं. भूक लागली असणार म्हणून गायीचं दूध कोमट केलं, तान्ह्या बाळासारखं त्याला मांडीवर उताणं घेतलं आणि ड्रॉपरने पाजलं. दूध नाकातून परत आलं. मी पुसलं आणि पुन्हा पाजलं. पहाटे ते गेलं. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी शांतपणे समजावलं की गार पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही आणि उताण्या पिल्लाच्या घशातलं दूध फुप्फुसात जातं. तेव्हापासून पिल्लू घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं वाक्य हेच सांगते: आधी ऊब, मग दूध.

उचलण्याआधी

पिल्लं एकटी दिसली म्हणजे ती पोरकी झाली असं नाही. व्यालेल्या कुत्रीलाही पोट भरायला बाहेर पडावंच लागतं. पिल्लं गोल करून एकमेकांवर झोपलेली असतील, पोटं भरलेली असतील आणि अंग कोरडं असेल, तर लांब उभं राहून दोन-तीन तास वाट बघा. तुम्ही जवळ उभे असाल तर आई येणार नाही. पिल्लं गार पडलेली असतील, सतत रडत असतील, अंगाला मुंग्या लागल्या असतील किंवा आई मेल्याचं कुणी डोळ्यांनी पाहिलं असेल, तर मात्र थांबू नका.

आसपास दुसरी व्यालेली कुत्री आहे का, हे वॉचमनला, चहाच्या टपरीवाल्याला, रोज पोळ्या घालणाऱ्या आजींना विचारा. तिची दोन-तीनच पिल्लं असतील आणि ती माणसाळलेली असेल, तर पोरक्या पिल्लांना तिच्या पिल्लांच्या अंथरुणात चोळून तिचा वास लावायचा आणि हळूच तिच्याजवळ सोडायचं. ती चाटायला लागली की काम झालं. गुरगुरली तर लगेच काढून घ्यायचं. बाटलीपेक्षा दूधआई कधीही चांगली, म्हणून हा प्रयत्न सोडू नका.

आई कशाने मेली हे कळलं तर लक्षात ठेवा. ती मरण्याआधी विचित्र वागत होती, लाळ गाळत होती किंवा उगाच चावत सुटली होती असं कुणी सांगितलं, तर पिल्लांना उघड्या हातांनी न हाताळता आधी पशुवैद्यांशी बोला. लहान पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. एरवीसुद्धा दात किंवा नख लागून ओरखडा आला, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लशीचं विचारा.

वय ओळखा

नाळेचा सुकलेला तुकडा अजून लोंबत असेल तर पिल्लू दोन-तीन दिवसांचं आहे. डोळे मिटलेले असतील तर दोन आठवड्यांच्या आतलं, कारण डोळे साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात. कान त्यानंतर थोड्याच दिवसांत मोकळे होतात. हिरडीतून दाताचं टोक बोटाला लागायला लागलं की ते तीन आठवड्यांच्या आसपास आलं. पुढचं सगळं, म्हणजे किती ऊब द्यायची आणि किती वेळा पाजायचं, या अंदाजावरच ठरतं.

ऊब

जन्मल्यावर पहिला आठवडाभर तरी पिल्लाला थंडीने कापरं भरत नाही, कारण कुडकुडून अंग गरम करण्याची सोयच शरीरात अजून तयार झालेली नसते. आईच्या पोटाची आणि भावंडांची ऊब नसेल तर ते खोलीइतकंच गार होत जातं. पहिल्या आठवड्यात त्याच्या अंगाचं तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जरा कमीच. ते ३५ च्या खाली गेलं की आतडी मंदावतात. पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं, पोट फुगतं आणि उलटीवाटे वर आलेलं दूध श्वासनलिकेत जातं. गार पिल्लाला पाजू नका, असं जे निक्षून सांगतात ते याच कारणाने.

घरात डिजिटल थर्मामीटर असेल तर टोकाला खोबरेल तेल लावून गुदद्वारात अगदी जरासा, सेंटिमीटरभर सरकवून तापमान बघा. नसेल तर तुमचं बोट पिल्लाच्या तोंडात घाला. तोंड आतून गार लागलं तर पिल्लू गार आहे.

गार पिल्लाला एकदम तापवायचं नाही. हेअर ड्रायर नको, गरम पाण्यात बुडवणं नको, शेगडीजवळ नेणं तर अजिबात नको. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे त्याला स्वतःच्या छातीशी, शर्टाच्या आत धरून बसणं आणि वरून शाल घेणं. सोबत गरम पाण्याची रबरी पिशवी किंवा गरम पाणी भरलेली जाड बाटली जुन्या टॉवेलात दोन-तीन वेळा गुंडाळून जवळ ठेवायची. एक ते तीन तास लागू शकतात. पिल्लू रडत राहील आणि पाजायचा मोह होईल. तोवर फक्त हिरड्यांना बोटाने साखरेच्या किंवा ग्लुकोज पावडरच्या पाण्याचा ओलावा लावायचा. हिरड्या ओल्या होण्यापुरताच, घशात सोडायचा नाही.

अंथरुणासाठी पुठ्ठ्याचा खोका पुरतो. खाली वर्तमानपत्रं, वर जुनी गोधडी किंवा मऊ सुती चादर. पिल्लांची नखं अडकतील असा सुटे धागे निघालेला टॉवेल नको. ऊब खोक्याच्या एकाच बाजूला द्या. बाटली असो वा वरून टांगलेला जुना पिवळा बल्ब, गरम वाटलं तर सरकून जायला दुसरी बाजू मोकळी हवी. पहिल्या आठवड्यात पिल्लाजवळची हवा २९ ते ३२ अंश हवी, दुसऱ्या आठवड्यात २६ ते २९, आणि नंतर हळूहळू कमी. पिल्लांकडे बघूनही कळतं. ढीग करून रडत असतील तर थंडी वाजते आहे, लांब-लांब पसरून तोंड उघडून धापा टाकत असतील तर फार गरम होतंय.

अंगावर पिसवा-गोचिड्या असतील तर बारीक फणीने आणि चिमट्याने काढा. पिसवांची पावडर किंवा औषध इतक्या लहान पिल्लाला विषासारखं लागू शकतं. अंघोळही नको, ओल्या कोमट फडक्याने पुसून लगेच कोरडं करा.

कोणतं दूध?

घरोघरी हाच प्रश्न येतो आणि उत्तर ऐकून सगळ्यांचा चेहरा पडतो. गायीचं दूध चालत नाही. कुत्रीचं दूध फार दाट असतं. त्यात प्रथिनं साधारण ७ ते ९ टक्के आणि स्निग्धांश ९ टक्क्यांच्या आसपास. गायीच्या दुधात दोन्ही साडेतीन-चार टक्क्यांच्या घरात. उलट दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, गायीच्या दुधात जास्त. म्हणजे पिल्लाला हवं ते निम्मं मिळतं आणि पोट बिघडवणारं जास्त मिळतं. म्हशीच्या दुधात साय चांगली असली तरी प्रथिनं कमीच पडतात आणि साखर तेवढीच असते. शेळीचं दूध पचायला हलकं म्हणून अनेक जण देतात, पण तेही ताकदीला गायीच्या दुधाच्या जवळपासच. पाणी घालून पातळ केलेलं दूध तर सगळ्यात वाईट, त्याने पोट भरतं आणि पिल्लू उपाशी राहतं.

हवं ते पिल्लांसाठीच बनवलेलं मिल्क रिप्लेसर. रॉयल कॅनिनचं बेबीडॉग मिल्क, बीफरचं लॅक्टॉल, पेटएजीचं एस्बिलॅक अशी पावडर पाळीव प्राण्यांच्या दुकानात, दवाखान्यात किंवा ऑनलाइन मिळते. माणसांच्या बाळाची पावडर आणू नका. डब्यावर पावडर आणि पाण्याचं जे प्रमाण लिहिलंय तेच पाळा, कारण प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं असतं. जास्त ताकद यावी म्हणून एक चमचा वाढवला की जुलाब किंवा बद्धकोष्ठ ठरलेलं. पाणी उकळून कोमट केलेलं घ्या आणि गुठळी राहू देऊ नका. निपलच्या छिद्रात गुठळी अडकली की पिल्लू हवाच ओढत बसतं.

रात्री अकराला पिल्लू सापडलं आणि दुकान सकाळी उघडणार असेल, तर रात्र काढण्यापुरतं घरी हे करता येतं: एक कप मलईसकट दूध, तीन अंड्यांचे पिवळे बलक, एक टेबलचमचा तेल आणि चिमूटभर मीठ. पांढरं घालायचं नाही. नीट घोटून बारीक गाळणीने गाळायचं. हा तात्पुरता आसरा आहे, दुसऱ्या दिवशी रिप्लेसर आणायचंच.

गावाकडून कुणी गायीचा चीक देऊ करतं. भावना चांगली असते. पण कुत्र्याच्या रोगांशी लढायची ताकद कुत्रीच्याच चिकात असते आणि तीही पिल्लाच्या आतड्यात जन्मानंतर पहिल्या दिवसभरातच शोषली जाते. ज्या पिल्लाला आईचा चीक मिळाला नाही ते फार नाजूक आहे असं समजा. हात धुतल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही आणि घरातल्या मोठ्या कुत्र्यापासून त्याला वेगळं ठेवायचं.

बाटली आणि निपल

आपल्याकडे बाळाला बोंडल्याने पाजायची सवय आहे, म्हणून पिल्लालाही बोंडलं, चमचा, ड्रॉपर किंवा कापसाचा बोळा लावला जातो. यातल्या कशातही पिल्लू चोखत नाही, आपण दूध ओततो आणि ते गिळायला धडपडतं. पिल्लांची छोटी बाटली घ्या. अगदी चिमुकलं पिल्लू असेल तर सुई काढलेल्या सिरिंजच्या तोंडाला मऊ निपल लावून पाजता येतं, मात्र दट्ट्या आपण दाबायचा नाही. पिल्लू चोखेल तसा तो सरकू द्यायचा, अडला तर बोटाने अगदी अलगद साथ द्यायची.

निपलचं छिद्र तपासा. बाटली उलटी धरल्यावर थेंब-थेंब पडायला हवा. धार लागली तर छिद्र मोठं आहे, ते निपल टाकून द्या. काहीच पडत नसेल तर सुई तापवून छिद्र जरासं मोठं करा. प्रत्येक वेळी बाटली-निपल धुऊन उकळत्या पाण्यात काढा. कालवलेलं दूध फ्रीजमध्ये जास्तीत जास्त एक दिवस टिकतं. एकदा कोमट करून उरलेलं मात्र फेकून द्यायचं, पावडर कितीही महाग असली तरी.

पाजताना

दूध मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघा, अंगाइतकंच कोमट हवं, म्हणजे ३७-३८ अंश. गरम पाण्याच्या वाटीत बाटली ठेवून कोमट करा. मायक्रोवेव्हमध्ये मधेच चटका बसेल इतकं गरम राहतं.

पिल्लाला पालथं ठेवा, पोटावर, जसं ते आईच्या कुशीत असतं. मांडीवर टॉवेलची घडी करून त्यावर ठेवलं तर पुढचे पाय रोवायला जागा मिळते. आईच्या आचळाला पिल्लं पंज्यांनी दाबत पितात, तेच ते टॉवेलला करतात आणि मग चांगलं पितात. डोकं किंचित वर, मान मागे ताणलेली नाही.

आधी स्वच्छ करंगळी तोंडात घालून बघा. जिभेने बोट धरून ओढलं तर चोखण्याची ओढ आहे, पाजा. बोट तसंच राहिलं, जीभ हलली नाही, तर पिल्लू गार आहे किंवा अशक्त आहे आणि बाटली आता धोक्याची आहे. ऊब द्या आणि पशुवैद्यांना फोन करा. नळीने पाजणं हा उपाय असतो, पण ते त्यांनी समोर शिकवल्याशिवाय करू नका. करंगळी घातलेलीच आहे तर टाळूवरूनही फिरवा. टाळूला चीर असेल तर दूध नाकात जातं, अशा पिल्लाला बाटली चालत नाही.

बाटली तिरपी धरा, निपलमध्ये हवा राहणार नाही इतकी. ओठाला दुधाचा एक थेंब लावा, तोंड उघडलं की निपल जिभेवर ठेवा. जीभ निपलखाली पन्हळीसारखी वळलेली दिसली आणि कानामागचा भाग लयीत हलू लागला की ते खरोखर पितंय. बाटली कधीही दाबायची नाही. घाई केली तर पहिली शिक्षा फुप्फुसांना मिळते. मध्ये थांबलं तर थांबू द्या.

नाकातून दुधाचा बुडबुडा आला, खोकला आला, किंवा गिळताना आवाज बदलला, तर लगेच थांबा. डोकं खाली झुकवून नाक पुसा आणि श्वास शांत होईपर्यंत पुन्हा पाजू नका. त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत श्वासाला घरघर, धाप किंवा सुस्ती दिसली तर फुप्फुसात दूध गेलेलं असू शकतं. अशा वेळी वाट बघत बसू नका, दवाखाना गाठा.

पिऊन झालं की खांद्याशी उभं धरून पाठीवर हलकं थोपटा. ढेकर प्रत्येक वेळी येईलच असं नाही, पण हवा निघाली की पोटदुखी टळते.

किती आणि किती वेळा

अंदाज नको, वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा यासाठी उत्तम, त्यावर वाटी ठेवून तीत पिल्लू बसवा. दर १०० ग्रॅम वजनामागे दिवसाला १५ ते २० मिली दूध, हे सुरुवातीला धरायचं. डब्यावरचा तक्ता वेगळा असेल तर तो पाळा. समजा पिल्लू ३०० ग्रॅमचं आहे. म्हणजे दिवसाला ४५ ते ६० मिली. आठ वेळा पाजायचं तर एका वेळी सहा-सात मिली. एवढ्याशा पोटात एका वेळी १०० ग्रॅममागे ४ मिलीच्या वर मावत नाही, तेव्हा ३०० ग्रॅमच्या पिल्लाला १२ मिलीच्या पलीकडे कितीही मागितलं तरी द्यायचं नाही. पहिल्या दिवशी तर ठरलेल्यापेक्षा थोडं कमीच द्या, म्हणजे पोटाला नव्या दुधाची सवय होईल.

पहिल्या आठवड्यात दर दोन ते तीन तासांनी, रात्रीसुद्धा. हे एकट्याने झेपत नाही. घरात पाळ्या लावा, शेजाऱ्यांना सामील करा, दोन घरांत पिल्लं वाटून घेतली तरी चालेल, फक्त एखादं एकटं पडणार नाही एवढं बघा. दुसऱ्या आठवड्यात दर तीन-चार तासांनी, तिसऱ्यात चार-पाच तासांनी. पोट पाजल्यावर गोलसर दिसावं, नगाऱ्यासारखं टणक नाही.

एक वही घाला. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर सैल बांधा, रोज बघून ढिली करा, आणि रोज एकाच वेळी वजन लिहा. निरोगी पिल्लू जन्माच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के रोज वाढतं आणि आठ-दहा दिवसांत दुप्पट होतं. एखाद्या दिवशी वजन वाढलं नाही तर सावध व्हा, घटलं तर त्याच दिवशी फोन करा. डोळ्यांना पिल्लू ठीक दिसत असताना काटा आधी सांगतो. माझ्या वहीत असे तीन-चार जीव आहेत जे केवळ त्या आकड्यामुळे वेळेत दवाखान्यात पोहोचले.

शी-शू

हे नवख्यांना माहीतच नसतं. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू नीट होत नाही, आई चाटते तेव्हा होते. म्हणून प्रत्येक वेळी पाजण्याच्या आधी किंवा नंतर कापूस कोमट पाण्यात पिळून पोटाखाली आणि शेपटीखाली आई चाटेल तसा हलकेच फिरवा. अर्ध्या-एक मिनिटात शू होते. घासू नका, कातडी सोलवटते. मग कोरडं पुसा.

शू फिकट हवी. गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. शी मोहरीच्या रंगाची, टूथपेस्टइतकी घट्ट असली की सगळं ठीक. हिरवट, पाण्यासारखी किंवा दह्याच्या कवड्यांसारखी पांढरी झाली तर दूध जास्त होतंय, पचत नाहीये किंवा संसर्ग आहे. माणसांचं जुलाबाचं औषध देऊ नका, या वयात काही तासांत पिल्लू सुकून जातं. हिरड्या कोरड्या-चिकट लागणं, सतत रडणं, भावंडांपासून बाजूला पडून राहणं, दूध नाकारणं, बेंबीजवळ सूज किंवा पू, ही सगळी त्याच दिवशी दवाखान्यात न्यायची कारणं आहेत. नेतानाही खोक्यात गरम बाटली ठेवा. रिक्षातल्या वाऱ्याने वाटेतच गार पडलेली पिल्लं मी पाहिली आहेत.

बाटली सुटताना

दोन आठवड्यांची झाली की जंताच्या औषधाचं विचारा. ते वजनावर मोजून आणि पुन्हा-पुन्हा द्यावं लागतं. लशी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात. चीक न मिळालेल्या पिल्लांचं वेळापत्रक पशुवैद्यांनाच ठरवू द्या. लशी होईपर्यंत पिल्लांना रस्त्यावर, इतर कुत्र्यांच्या जागेत खाली सोडू नका. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे जीवघेणे संसर्गजन्य रोग अशाच पिल्लांना गाठतात.

साडेतीन-चार आठवड्यांच्या सुमारास ती निपल चोखण्याऐवजी चावायला लागतात. मग पिल्लांचं कोरडं खाणं रिप्लेसरमध्ये भिजवून लापशीइतकं पातळ करा आणि पसरट ताटलीत द्या. सुरुवातीला बोटाने ओठाला लावावं लागतं. दोन-तीन दिवस बाटलीही चालू ठेवा आणि रोज लापशी थोडी घट्ट करत न्या. सोबत उथळ वाटीत पाणी ठेवा. पहिल्या दिवशी पिल्लं ताटलीत खातात कमी आणि लोळतात जास्त, पोटापासून कानापर्यंत लापशी लागते. खाऊन झालं की कोमट ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा आणि अंग वाळेपर्यंत कुशीत धरा. चार आठवड्यांचं झालं तरी ओलं पिल्लू लवकर गार पडतं.